चिन्ह कुणी काढले?

गेल्या वर्षी विसर्जनानंतर हिशेबाची बैठक भरली. हिशेब अर्ध्या तासात आटोपला आणि पुढचे दोन तास भलत्याच विषयावर गेले. मंडळाचे बोधचिन्ह बदलावे की आहे तेच ठेवावे?

आपल्या चिन्हात काय काय आहे हे न बघता किती सभासदांना सांगता येईल, याची आम्हाला शंकाच आहे. मध्ये गणपती, त्याच्यामागे वडाचे झाड, झाडामागे उगवता सूर्य, दोन्ही बाजूंना समया, वर कमानीत मंडळाचे नाव आणि खाली पट्टीत स्थापनेचे साल. पावतीपुस्तकावर हे सगळे कसेबसे मावते. रबरी शिक्क्यात मात्र गणपतीची सोंड वडाच्या पारंब्यांत मिसळून जाते, आणि व्हॉट्सअॅपच्या गोल फोटोत तर नुसता एक तपकिरी ठिपका उरतो. फाइन आर्ट्सला शिकणारी आपल्यातलीच एक मुलगी नवे चिन्ह काढून घेऊन आली होती. गणपती आणि वड, एवढेच. तेही मोजक्या चार-पाच रेषांत.

"काका, हे नखाएवढं केलं तरी ओळखू येतं," ती म्हणाली.

पहिल्या रांगेतले एक ज्येष्ठ सभासद उठले. "अगं बाळ, चांगलंच काढलंयस तू. पण मी मुंजीच्या वर्षापासून मंडळाचं चिन्ह बघत आलोय. ते काढून टाकल्यावर पावती हातात आली तर ती आपल्या मंडळाची आहे असं मला वाटेल का?"

सभेला दोघांचेही पटले. म्हणून रिवाजाप्रमाणे तिघांची समिती नेमली. आम्ही सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला, शिक्षण सिव्हिलचा डिप्लोमा. "तुम्ही ड्रॉइंगवाले" म्हणून आम्हालाही तिच्यात घातले. नकाशे काढणे आणि चिन्ह काढणे यांत किती अंतर आहे हे सभेला सांगून उपयोग नव्हता. मग निदान अशी चिन्हे कुणी काढली, ती टिकली कशी, हे तरी पाहावे म्हणून वाचायला बसलो. त्यातूनच हा लेख झाला.

'बोधचिन्ह' हा शब्द अलीकडचा. आपल्या आजी-आजोबांचा शब्द 'छाप'. वस्तूचे नाव वाचून मागणारी गिऱ्हाइके थोडी होती तेव्हा चित्रच नावाचे काम करी. मँचेस्टरच्या गिरण्यांचे कापड आपल्याकडे यायचे त्याच्या ताग्यांवर रंगीत टिकिटे चिकटवलेली असत. त्यांवर आपलेच देव, राजे, हत्ती, वाघ. कापड विलायती आणि चित्र देशी, कारण विकत घेणारा देशी! पुढे रविवर्म्याची चित्रे शिळाप्रेसवर छापली जाऊ लागली, तेव्हा तीही घरातल्या भिंतीवरून कॅलेंडरांवर आणि मालाच्या वेष्टनांवर उतरली. रविवर्मा आपल्या बडोद्याच्या दरबाराने बोलावलेला चित्रकार. त्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. आपल्या कलाभवनात शिकलेले दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी याच छापखान्यासाठी काम करत होते. म्हणजे जाहिरातीच्या चित्रांच्या या इतिहासात बडोद्याचा धागा अगदी सुरुवातीपासून आहे.

छापाचे मोल कायद्यानेही लवकर ओळखले. इंग्लंडमध्ये व्यापारचिन्हांची नोंदवही १ जानेवारी १८७६ ला उघडली. तिच्यातली पहिली नोंद बास नावाच्या दारूवाल्यांच्या लाल त्रिकोणाची आहे. एक साधा त्रिकोण! काढणाऱ्याला किती मिनिटे लागली असतील कोण जाणे. पण तो चोरायचा नाही हे सांगायला सरकारी दफ्तर लागले.

मराठी घरांना आठवेल असा छाप उंटाचा. १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईचा धंदा सुरू केला. पहिली शाईची पूड आणि वड्या घोडा छापाच्या होत्या. उंट मागून आला आणि घोडा लोक विसरले. उंटाचा आणि शाईचा संबंध काय, असे आम्ही लहानपणी वडिलांना विचारले होते. "उंटाला पाणी पुरतं तशी ही शाई पुरते," असे त्यांनी ठोकून दिले. आम्ही ते बरीच वर्षे खरे मानले. चिन्ह चांगले असले की त्याचा अर्थ गिऱ्हाईकच लावते, हे तेव्हा कळायचे वय नव्हते.

नंतरच्या काळात चिन्हांना चेहरे आले. १९४६ मध्ये एअर इंडियाचे बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी मिशावाला महाराजा आणला. १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी एशियन पेंट्ससाठी हातात ब्रश आणि डब्यातून सांडणारा रंग असा एक खट्याळ पोरगा काढला. त्याला नाव द्यायला स्पर्धा लावली, आणि दोघांनी एकच नाव पाठवले: गट्टू. बक्षीस दोघांत वाटले गेले. पुढे जवळजवळ पन्नास वर्षे रंगाच्या दुकानावर गट्टू होता. मग या शतकाच्या सुरुवातीला कंपनीने त्याला निरोप दिला, कारण आता तिला घरोघरच्या शिकल्या-सवरल्या गिऱ्हाइकांसमोर जायचे होते. आमच्या खात्यातल्या रंगाऱ्यांना तो निर्णय अजून पटलेला नाही.

आणि आपल्या दारातले आणंद. खेडा जिल्ह्याच्या दूध संघाची स्थापना १९४६ ची, पण अमूलच्या लोण्याला ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी मिळाली ती १९६६ मध्ये. मुंबईचे जाहिरातकार सिल्व्हेस्टर डाकुन्हा आणि त्यांचे कलादिग्दर्शक युस्टेस फर्नांडिस यांची ती निर्मिती. समोर पोलसनचे लोणी होते, जुने आणि घरोघर गेलेले. त्याच्याशी टक्कर देताना डाकुन्हांनी एक हुशारी केली. फलकावरचा विनोद सतत बदलत ठेवला आणि मुलगी मात्र तीच ठेवली. निवडणूक असो, क्रिकेट असो, सरकार पडो. निळ्या केसांची ती मुलगी तशीच. आज साठीच्या घरात आलेल्या या मुलीचे वय कुणालाच जाणवत नाही.

हे सगळे वाचून झाले तरी समितीचा प्रश्न सुटला नव्हता. आपल्याला महाराजा किंवा गट्टू नको होता; शिक्क्यात बसेल असे चिन्ह हवे होते. त्याचे उत्तर आम्हाला अहमदाबादेत मिळाले.

१९५८ मध्ये भारत सरकारने चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन पती-पत्नींना बोलावून देशात डिझाइनचे शिक्षण कसे असावे यावर अहवाल मागितला. त्या अहवालात त्यांनी सर्वांत जास्त कौतुक केले आहे ते आपल्या लोट्याचे. पाणी भरणारीच्या कमरेवर बसणारा, ओतताना न सांडणारा, घासायला सोपा, आणि कुणा एकाने न बनवलेला. पिढ्यांनी घासूनपुसून त्याला आकार दिला. या अहवालावरून १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. गौतम आणि गिरा साराभाई या बहीण-भावांनी ती वाढवली.

दहा वर्षांनी तिथल्या शेखर कामत यांच्या हातून स्टेट बँकेचे चिन्ह उतरले. इम्पीरिअल बँकेची स्टेट बँक झाली १९५५ मध्ये, आणि तेव्हा तिच्या चिन्हात चक्क वडाचे झाड होते. बडोदेकराला वडाचे वावडे असायचे कारण नाही. गावाचे नावच त्याच्यावरून पडलेले. पण झाड पाने-पारंब्यांसह लहान केले की त्याचा गोळा होतो, हे आपल्या मंडळाला अनुभवाने ठाऊक आहे. शिवाय बँक तेव्हा तालुक्याच्या गावांत, बाजारपेठांत, आडवाटेच्या वस्त्यांत शाखा उघडत होती. प्रत्येक शाखेच्या भिंतीवर ते झाड काढणार कोण?

१९७१ मध्ये आलेले चिन्ह आपण सगळ्यांनी हजार वेळा पाहिले आहे. एक निळे वर्तुळ, त्याच्या मधोमध एक लहान पांढरे वर्तुळ, आणि त्या लहान वर्तुळातून सरळ खाली परिघापर्यंत गेलेली पांढरी फट. संपले. आम्ही डिप्लोमाला असताना पहिल्या वर्षी ड्रॉइंग बोर्डावर टी-स्क्वेअर आणि कंपास घेऊन तासन्‌तास आकृत्या काढल्या. त्या सवयीने सांगतो, दोन वर्तुळे आणि दोन समांतर रेषा यांत हे चिन्ह पुरे होते. कुठलाही ओव्हरसिअर ते दोन मिनिटांत काढील. खेड्यातल्या पेंटरला तर कंपासही नको. भिंतीत एक खिळा ठोकावा, त्याला सुतळी बांधावी, दुसऱ्या टोकाला खडू धरावा आणि फिरावे. काढता येणे हा चिन्हाचा केवढा मोठा गुण आहे, हे कागदावर काम करणाऱ्याला सहज लक्षात येत नाही. ते पासबुकावर छापले तरी तेच, दुरून पाटीवर पाहिले तरी तेच, शिक्का अर्धवट उमटला तरी तेच.

अर्थ विचाराल तर तीन तरी आहेत. कुणाला ते कुलपाचे भोक दिसते: पैसा सुरक्षित. बँकेकडून सांगितला जाणारा अर्थ असा की, मधले लहान वर्तुळ म्हणजे सामान्य माणूस आणि तो बँकेच्या कामाच्या केंद्रस्थानी आहे. आणि अहमदाबादकर छातीठोकपणे सांगतात की हे कांकरिया तलावाचे वरून दिसणारे चित्र आहे: गोल तलाव, मध्ये नगीनावाडीचे बेट, आणि काठापासून बेटापर्यंत गेलेला रस्ता. तलाव पंधराव्या शतकातला, चिन्ह विसाव्या. ही दंतकथाच समजावी. पण लोकांनी आपल्या गावचा तलाव एखाद्या बँकेच्या शिक्क्यात पाहावा, याहून मोठी पावती चिन्ह काढणाऱ्याला कोणती मिळणार?

त्याच १९७१ मध्ये अमेरिकेत कॅरोलिन डेव्हिडसन नावाच्या विद्यार्थिनीने नायके या बुटांच्या कंपनीला ते प्रसिद्ध बाकदार चिन्ह काढून दिले आणि ३५ डॉलर घेतले. कंपनीच्या मालकाला ते पाहताक्षणी फारसे आवडलेही नव्हते. पुढे कंपनी मोठी झाली तेव्हा त्यांनी तिला काही शेअर दिले. ही गोष्ट सगळ्या जगाला ठाऊक आहे. शेखर कामत हे नाव मात्र आम्ही आमच्या ऑफिसात अकरा जणांना विचारले. एकालाही माहीत नव्हते. अकराही जणांचा पगार स्टेट बँकेत जमा होतो.

दूरदर्शनचेही असेच. आमच्या पिढीचे बालपण त्या फिरत फिरत येणाऱ्या दोन कमानींसमोर गेले. शेजारच्यांच्या घरी सतरंजीवर बसून आम्ही ते चिन्ह पूर्ण जुळेपर्यंत श्वास रोखून बघत असू. तो डोळा काढला राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या देवाशिष भट्टाचार्य या विद्यार्थ्याने. संस्थेतून गेलेल्या अनेक चित्रांतून त्याची निवड इंदिरा गांधींनी केली. १९७६ मध्ये दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले तेव्हा तो डोळा देशापुढे आला. पोराने वर्गात काढलेले चित्र, आणि बघता बघता साऱ्या देशाची संध्याकाळ त्याने सुरू होऊ लागली.

इथे समितीतल्या एका सभासदांनी शंका काढली. "चिन्हानं एवढं होतं तर मग चांगलं चिन्ह काढलं की धंदा चालतोच म्हणायचं?" नाही. याचे उत्तर पॉल रँड या अमेरिकन चित्रकाराच्या कामात सापडते. आयबीएमचे चिन्ह त्याचे, यूपीएसचे २००३ पर्यंतचेही त्याचेच. या क्षेत्रात त्याचे नाव आपल्याकडे संगीतात भीमसेनांचे घेतात तसे घेतात. १९८६ मध्ये स्टीव्ह जॉब्सने आपल्या नव्या 'नेक्स्ट' कंपनीसाठी त्याला गाठले. चार-सहा नमुने दाखवा म्हटल्यावर रँडने साफ सांगितले की मी एकच देईन, घ्यायचे तर घ्या, पैसे मात्र द्यावे लागतील. एक लाख डॉलर! चिन्ह सुरेख झाले. संगणक फारसे खपले नाहीत. त्याचे शेवटचे मोठे काम एन्रॉनचे तिरके 'ई'. दाभोळच्या वीजप्रकल्पामुळे हे नाव मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. २००१ मध्ये एन्रॉन घोटाळ्यात बुडाली, आणि तेच तिरके 'ई' लबाडीची खूण म्हणून वर्तमानपत्रांत छापले जाऊ लागले. रेषा तीच, हात तोच. रँडचे स्वतःचेही मत हेच होते की चिन्हाला मोल येते ते मालाच्या दर्जातून. उलटे कधी होत नाही.

मग जुने चिन्ह बदलण्यात धोका कोणता? धोका हा की त्यात साठलेले जाते. २०१० मध्ये गॅप या अमेरिकन कपडेवाल्यांनी वीस वर्षांचे निळ्या चौकोनाचे चिन्ह एका रात्रीत बदलले. गिऱ्हाइकांनी एवढा गिल्ला केला की आठवड्याभरात जुने परत आणावे लागले. स्टेट बँकेने अधिक शहाणपणा दाखवला: २०१७ मध्ये सहयोगी बँका तिच्यात विलीन झाल्या तेव्हा नावाची अक्षरे नवी आली, वर्तुळ जागेवर राहिले. आपल्या सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १९०८ मध्ये निघालेल्या बँक ऑफ बडोदाने मात्र २००५ मध्ये चिन्ह पूर्ण बदलून केशरी सूर्य घेतला. दोन 'बी' अक्षरांत धरलेले उगवतीचे किरण, असा तो आहे. मांडवीतल्या जुन्या खातेदारांनी तेव्हा नाके मुरडली होती. आता त्यांचीच नातवंडे त्या सूर्यावरून एटीएम शोधतात. म्हणजे बदल नेहमी फसतोच असेही नाही. पण तो रुजायला एक पिढी लागते.

या वाचनात एक गोष्ट अशी सापडली की जिच्यासाठी समितीचा सगळा खटाटोप सार्थकी लागला असे आम्हाला वाटते. रघुनाथ कृष्ण जोशी, म्हणजे र. कृ. जोशी. जे. जे. मध्ये शिकलेले, उल्का जाहिरात संस्थेत अनेक वर्षे कलादिग्दर्शक, नंतर पवईच्या आयआयटीत अक्षरकला शिकवणारे. संगणकावर मराठी, हिंदी ज्या 'मंगल' अक्षरांत आपण वाचत आलो ती त्यांची, एवढे आम्हाला ठाऊक होते. पण गुजरातीची 'श्रुती' अक्षरेही त्यांच्याच देखरेखीखाली तयार झाली, हे नव्हते. नोकरीला लागल्यापासून किती टेंडरे, किती पत्रे, किती कारणे दाखवा नोटिसा आम्ही 'श्रुती'त टाइप केल्या असतील! शेजारच्या टेबलावरच्या पटेलभाईंना सांगितले तर ते चष्मा वर करून म्हणाले, "एटले आ अक्षर एक मराठी भाईए बनाव्या छे?" जोशी २००८ मध्ये वारले. आपल्या राज्यातले कितीतरी सरकारी कागद आजही त्यांच्या अक्षरांत निघतात आणि कागदावर त्यांचे नाव नसते. असायचे कारणही नाही. पण आपल्याला ते माहीत असायला हरकत नव्हती.

यावरून सुचले की आपले चिन्ह कुणी काढले ते तरी पाहावे. कार्यालयाच्या कपाटातल्या इतिवृत्ताच्या जुन्या वह्या काढल्या. दोन वह्यांना वाळवी लागलेली, एक भिजून चिकटलेली. चौथ्या वहीत एक ओळ सापडली: "चिन्ह मास्तरांनी काढून दिले. ब्लॉक व छपाई खर्च मंजूर." बस्स, एवढेच. कोण मास्तर, कुठल्या शाळेचे, काही नाही. तेव्हा सगळ्यांनाच माहीत असणार, म्हणून लिहिले नसावे.

त्याच वहीत टाचणीने लावलेली एक कोरी पावती होती. तिच्यावरचे चिन्ह पाहून आम्ही त्या मुलीला फोन करून बोलावून घेतले. गोलात गणपती आणि त्याच्यामागे वडाची एक फांदी. सूर्य नाही, समया नाहीत, कमान नाही, पट्टी नाही. नंतरच्या पावत्या क्रमाने मांडल्या तेव्हा उलगडा झाला. समया रौप्यमहोत्सवात आल्या, सूर्य पुढच्या एका कार्यकारिणीने घातला, पट्टी त्याच्याही नंतर. प्रत्येक वेळी कुणीतरी हौसेने काहीतरी घातले. काढले कुणीच नाही. मुलीने आपला कागद मास्तरांच्या चिन्हाशेजारी ठेवला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "काका, मी नवीन काढलंच नाहीये."

त्या ज्येष्ठ सभासदांच्या घरी ती पावती घेऊन आम्ही गेलो. त्यांनी खिडकीपाशी नेऊन ती उजेडात पाहिली. "मुंजीच्या वर्षी हेच होतं," म्हणाले. मास्तर कोण ते त्यांनाही आठवेना. बोटांना नेहमी शाई लागलेली असायची आणि आरतीला मागे उभे राहायचे, इतकेच आठवते म्हणाले.

समितीचा अहवाल यंदाच्या हिशेबाच्या बैठकीत ठेवला जाईल. मास्तरांचे मूळ चिन्ह आणि मुलीने शिक्क्यासाठी बेतलेले रूप, दोन्ही शेजारी-शेजारी छापून सभासदांना देऊ. मत सभेने द्यायचे आहे. तोपर्यंत एक विनंती. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांत पूर्वी राहणाऱ्या कुटुंबांपैकी कुणाच्या घरी मंडळाच्या जुन्या पावत्या, कार्यक्रमपत्रिका किंवा फोटो असतील, अथवा चित्रकला शिकवणारे हे मास्तर कोण हे कुणाला आठवत असेल, तर उत्सवाच्या दिवसांत आरतीच्या वेळी चिटणिसांकडे तसे सांगावे. फोटो तिथेच मोबाइलवर उतरवून लगेच परत दिले जातील.